मोराची फाईल

बावीस अंश

"चप्पल बाहेर काढू का मॅडम?"

गॅरेजच्या दारात उभ्या माणसानं विचारलं, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मी म्हटलं, राहू द्या, इथं सगळे तसेच येतात. त्यांनी ऐकलं नाही. एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल सोडवली, मग दुसरी. मागं उभ्या बाईंनी वाकून, चाचपडत, ती जोडी भिंतीला सरळ लावून ठेवली.

"एसी कितीवर आहे?"

"बावीस."

"आमचा अठरावर असायचा," ते म्हणाले आणि जपून आत आले.

मी तेव्हा पुण्यात कर्वेनगरच्या त्या गॅरेजमध्ये जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधून माहिती काढून द्यायचं काम करायची. डिस्क जितकी जुनी तितकी मला आवडायची. प्रत्येक खटपट वहीत लिहायची: वेळ, काय केलं, काय झालं, आणि खोलीचं तापमान. तापमान का, हे मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या सरांनी लावलेली सवय. ती वही अजून आहे. वर लिहिलेले अंश तिच्यातलेच.

चादर सोडली. आत पत्र्याचा, सुटकेसएवढा, पंचवीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर.

"यातलं काय हवंय?"

"मोर," ते म्हणाले.

त्यांचं नाव मल्लय्या येमूल. सोलापूरचे, विणकर. मोठ्यानं बोलायचे, कारण चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कानांत फारसं काही उरलं नव्हतं. बरोबरच्या बाई त्यांची बायको, राजव्वा. एकेकाळी चार माग होते, आता एक. अक्षय तृतीयेला शेड दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती आणि तो शेवटचा माग भंगारात. त्याआधी त्याच्यावर एकच चादर विणायची होती. राजव्वांनी एक्क्याण्णव साली या कॉम्प्युटरवर काढलेल्या डिझाइनची. ते कधी विणलंच गेलं नव्हतं.

"मोर आहे त्याच्यात," मल्लय्या म्हणाले. "मोठा. सोलापुरात सगळ्या पूर्व भागाला माहीत आहे, राजव्वाचा मोर."

"तुम्ही बघितलाय?"

"पुरा व्हायच्या आधी ती दाखवत न्हाई. आन् पुरा झाला म्हणाली तवर हा बंद पडला होता."

"पुन्हा नाही का काढता येणार?" मी राजव्वांना विचारलं.

त्यांनी हाताची मूठ नळीसारखी करून एका डोळ्यापुढं धरली आणि त्या नळीतून माझ्याकडं पाहिलं. "मला एवढंच दिसतंय, अम्मा." त्यांच्या तेलुगू घरांत मुलीच्या वयाच्या बाईलाही अम्मा म्हणतात. "काचबिंदू. हे बी वर्षभर राहील न राहील, म्हणतोय डॉक्टर. त्याच्या आत बघायचं आहे मला ते. कापडावर."

हातात बारा दिवस होते.


बावीस अंश

अशा डिस्कच्या आत चकती फिरते आणि तिच्यावर, जुन्या तबकडीवर असतो तसा, एक काटा फिरतो. बरीच वर्षं बंद राहिली की काटा चकतीला चिकटून बसतो. मग वीज चालू असताना डिस्क हातात धरून तिला मनगटानं हिसका द्यायचा, बरणीचं घट्ट झाकण उघडताना देतात तसा. कमी दिला तर सुटत नाही, जास्त दिला तर काटा तुटतो.

मी हिसका दिला. डिस्क फिरायला लागली. मल्लय्यांनी टाळी वाजवली.

मग टक. टक. टक. पडद्यावर ओळ आली: सेक्टर सापडत नाही.

पुन्हा.

टक. टक. टक. सेक्टर सापडत नाही.

केबल बदलली. कार्ड बदललं. पुन्हा. वीजपुरवठा बदलला. पुन्हा. दुपारी चारपर्यंत वहीची तीन पानं भरली आणि तिन्ही पानांवर शेवटच्या रकान्यात तेच. चमत्कारिक हे होतं, की डिस्क खराब झाल्याची कुठलीच खूण नव्हती. घरघर नाही, ओरखडा नाही. काटा जात होता, बघत होता, परत येत होता. बरोबर पत्त्यावर जाऊन घर न सापडलेल्या माणसासारखा.

पेटी पुसायला घेतली तेव्हा आतून बोटभर जाडीचा कापसाचा पुंजका निघाला. पंख्यावर, जाळीवर, कोपऱ्यांत सगळीकडं सुताचं तूस.

"काका, हा नेमका कुठं ठेवला होता?"

"एसीत."

"सुरुवातीपासून?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत. प्लायवूडची केबिन केली होती खास. चप्पल बाहेर."

"मग एवढं तूस कुठून आलं?"

मल्लय्यांनी कानाला हात लावला. ऐकू आलं नाही, असं. राजव्वा खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"बंद पडल्यावर?"

"आतल्या खोलीत. घरात सगळ्यात गार जागा आहे ती. एक दिवस ऊन लागू दिलं न्हाई मी त्याला."


एकतीस अंश

ते दोघं भवानी पेठेत मेहुणीकडं मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी अकराला परत आले. गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी वीज जायचीच, दुरुस्तीसाठी. माझ्या बॅटऱ्यांवर कॉम्प्युटर चालू राहिला, एसी बंद झाला.

डिस्क बंद करायला मी कचरत होते. पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. म्हणून ती नुसती फिरत ठेवली आणि आम्ही तिघं घाम पुसत बसलो. राजव्वांनी डब्यातून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी काढली.

"खा, अम्मा. कालपास्नं बघतेय, नुसता चहा पितीस."

"ती काम करतेय," मल्लय्या म्हणाले.

"काम करणाऱ्यानं खायचं न्हाई असा कागद केलाय का?"

भाकरीचा तुकडा तोंडात असताना मी सहज बटण दाबलं. टक. टक. आणि मग टर्र. वेगळाच आवाज. पडद्यावर फाईलींची चार नावं उमटली. पाचव्याला डिस्क पुन्हा अडकली.

मी घास तसाच गालात ठेवून भिंतीवरच्या तापमापकाकडं बघितलं. एकतीस. वही उघडली. तीन पानांच्या सगळ्या अपयशांपुढं तोच आकडा होता, बावीस.

नव्या डिस्कमध्ये काटा स्वतःच तपासत असतो, आपण बरोबर रेघेवर आहोत की नाही. या जुन्या डिस्कमध्ये तपासणं नाही. आठवी रेघ म्हटली की आठ पावलं मोजून जायचं, एवढंच. आणि धातू उष्णतेनं फुगतो, थंडीत आकसतो. ज्या उन्हात रेघा आखल्या, त्याच उन्हात आठव्या पावलावर आठवी रेघ येते. एरवी काटा दोन रेघांच्या मध्ये उभा राहून शोधत बसतो.

हे मी मल्लय्यांना सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. कारण याचा अर्थ दुसराही होता.

"काका, हा एसीत कधी चाललाय का?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा केली. "मॅडम, कागद होता. एका बंद पडलेल्या मिलमधून आम्ही हा घेतला, तिथल्या इंजिनिअरनं लिहून घेतलं होतं. एसीत ठेवीन म्हणून. सही केली मी."

"वीस वर्षं होत आली त्या सहीला."

"सही ती सही की."

"एसी लावला की दोन माग बंद करायला लागायचे," राजव्वा म्हणाल्या. "तेवढी वीजच नव्हती. पाव्हणे आले की मला केबिनमध्ये बसवायचे. पाव्हणे गेले की टेबल उचलून बाहेर."

"राजव्वा."

"खरं तेच सांगतेय. आन् आत मला सुचायचं बी न्हाई. मागाचा आवाज नसला की हात चालायचा न्हाई माझा."

मल्लय्या माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "पत्र्याखाली होता, मॅडम. मे महिना. अंगाची भाजी व्हायची आत. मी म्हणत होतो हिला, मशीन आहे ते, माणूस न्हाई सहन करायला. तरी मीच टेबल उचलून ठेवायचो बाहेर. माग बंद ठेवायला जीव होत नव्हता. गरमीनं मेला तो. माझ्यामुळं."

"बंद कधी पडला?"

"डिसेंबरात. सकाळी चालू केला, येईना."

"मग?"

"मग आत नेला. तवा खरंच नेला. दोन माग बंद ठेवले, एसी अठरावर लावला. म्हटलं आता तरी आराम पडू दे. महिनाभर तसा ठेवला. रोज चालू करून बघायचो."

"आणि?"

"आणि कधीच आला न्हाई."

आता सांगणं भाग होतं. मी रेघा आणि पावलं सांगितली. कागदावर काढून दाखवलं. राजव्वांना कागद दिसत नव्हता, पण कळलं त्यांनाच आधी.

"सुताचं बी तसंच," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात भरलेला ताणा पावसाळ्यात तसाच न्हाई राहत."

"म्हणजे गरमीनं न्हाई मेला?" मल्लय्यांनी विचारलं.

"मेलाच नव्हता."

"थंडी वाजत होती त्याला," राजव्वा म्हणाल्या आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून. मीही हसले. मल्लय्या हसले नाहीत. रुमालाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "दोन माग बंद ठेवले होते मी."

मी म्हटलं, खोक्यात शंभराचा दिवा लावून ऊब देता येईल.

"कोंबडीची पिल्लं काढायचीत का?" राजव्वा म्हणाल्या. "सोलापूरला चल की. फुकट ऊन आहे."

दिव्याची ऊब एका बाजूनं लागते आणि डिस्क वाकडी तापते, हे खरं कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला ती जागा बघायची होती.


छत्तीस अंश?

हा भाग वाचता येत नाही. एसटीत बसले होते, डिस्क मांडीवर होती, चादरीतून तिची कड टोचत होती. टेंभुर्णीला कोणीतरी खिडकीतून काकडी दिली. पुढचं काही आठवत नाही. वहीतही नाही. आकडा अंदाजानं लिहिला आहे.


बेचाळीस अंश

शेडमध्ये तीन मागांच्या जागी फरशीत रुतलेले बोल्ट होते. चौथा माग उभा होता, त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ लोंबत होती. डिझाइनची भोकं त्या पुठ्ठ्यांना पाडतात. कुठला धागा वर उचलायचा ते भोक सांगतं. कोपऱ्यात प्लायवूडची केबिन. आत आता खताची पोती.

टेबल त्याच जागी ठेवलं. राजव्वांनी भिंतीपासून वितीनं अंतर मोजून ते चार बोटं सरकवलं. डिस्क मी लगेच चालू केली नाही. दोन तास तशीच तापू दिली, सगळीकडून सारखी. घामानं माझ्या हातातली पेन्सिल निसटत होती.

बारा वाजता वीज दिली. हिसका दिला.

टर्र. टर्र. टर्रर्र.

मल्लय्यांनी पेटीवर तळवा ठेवला. "हा," ते म्हणाले. "हा आवाज."

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"हाताला येतंय."

नावं भराभर उतरली. चार, नऊ, सतरा. अठरावं नाव: मोर. मी केबल लावून माझ्या लॅपटॉपवर आधी डिझाइन काढायचा प्रोग्राम घेतला, मग मोर. शेवटचे काही तुकडे येत असताना आतून एक बारीक किंकाळी ऐकू आली, काच काचेवर घासावी तशी. फाईल पुरी झाली. डिस्क थांबली. पुन्हा हिसका दिला, पुन्हा दिला. आता ती खरंच गेली होती.

"आला?" मल्लय्यांनी विचारलं.

"आला."

मी लॅपटॉपवर मोर उघडला.

मोर नव्हता. काळ्या पडद्यावर पांढरे डाग होते. वर लांबट, मधे गोल, खाली पुन्हा लांबट, कसेही विखुरलेले, कुठं एकावर एक चढलेले. आणि उजव्या बाजूला उभी कोरी पट्टी, तिच्यात काहीच नाही. असं मी शंभर वेळा पाहिलं होतं. माहिती सडली की पडद्यावर असंच उमटतं.

मूळ डिस्क मेलेली. पुन्हा वाचायला काही शिल्लक नाही.

"काका," मी म्हटलं, "फाईल आली, पण आतलं खराब झालंय."

"मोर?"

"काहीच नाही उरलं. नुसते डाग आहेत. एक पट्टी तर अख्खी गेलीय." मी लॅपटॉप मिटायला घेतला.

"थांब," राजव्वा म्हणाल्या. "डाग कसले?"

"असेच. गोल, लांबट."

त्या उठल्या, टेबल चाचपत आल्या, आणि नाक पडद्याला लागेल इतक्या जवळ वाकल्या. मूठ डोळ्यापुढं धरली. पडदा त्यांना पैशाएवढा दिसत होता. तो पैसा त्या सावकाश सरकवत होत्या.

"हा लांबट. हा बी. खाली ने, अम्मा. इथं दोन जुळे आहेत का, चिकटलेले?"

मी पाहिलं. होते.

"तिथं खिळा दोनदा ठोकला होता यांनी. पहिला वाकडा गेला." मूठ पुढं सरकली. "आन् उजवीकडं मोकळं?"

"हो. तिथंच फाईल तुटलीय."

"तुटायला काय झालंय तिला? तिथं नवा पत्रा टाकला होता त्या वर्षी. त्याला कुठलं भोक, तवा?"

त्यांनी न बघता बोट वर केलं.

मी वर पाहिलं. पत्र्याच्या छपराला खिळ्यांची, गंजाची भोकं होती, आणि प्रत्येक भोकातून उन्हाची एक काठी खाली उतरली होती. मग मी खाली पाहिलं. फरशीवर, मागावर, मल्लय्यांच्या सदऱ्यावर, माझ्या वहीवर कवडसे पडले होते. गोल. भिंतीकडचे थोडे लांबट.

दोन तास मी त्यांच्यातच बसले होते.

"मोर कुठाय?" मल्लय्यांनी विचारलं.

"मोर नव्हताच," राजव्वा म्हणाल्या.

"नव्हता म्हणजे?"

"सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत ऊन कसं सरकतं, ते काढलं होतं. मे महिनाभर बसून. व्यापाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, बाई, हे डिझाइन न्हाई, डाग आहेत. म्हणून कुणाला दाखवलं न्हाई मग. तुम्ही विचारलं, काय काढतीस. म्हटलं मोर. तुम्ही गप बसला."

"अठरा वर्षं मी लोकांना सांगतोय मोर!"

"सांगा की. लोकांचं काय बिघडलं त्यानं?"

मल्लय्या लॅपटॉपपाशी आले. पडद्यावरच्या जुळ्या ठिपक्यावर एक बोट ठेवलं, मग मान वर करून ते भोक शोधायला लागले. सापडलं. त्याच्या शेजारचा नवा पत्रा आता इतका गंजला होता, की सगळ्यात जास्त ऊन त्यातूनच येत होतं.

"ही पट्टी भरू का?" मी विचारलं. "आता तिथंही भोकं आहेत."

"नको," राजव्वा म्हणाल्या. "तवा नव्हती."


चव्वेचाळीस अंश

शेवटच्या दिवशी मी परत गेले. कोणी बोलावलं नव्हतं.

चारशे बारा पुठ्ठ्यांना भोकं पाडायला म्हाताऱ्या कारागिराला सहा दिवस लागले होते. चादर एकच झाली. गडद निळी, वर पांढरे ठिपके, उजवीकडं निळी कोरी पट्टी. सकाळी ती मागावरून उतरली आणि तासाभरात भंगारवाल्याची माणसं माग खोलून घेऊन गेली. शेडमध्ये आता बोल्टांचे चार चौकोन होते आणि ऊन.

राजव्वांनी चादर पहिल्या दोन मागांच्या जागांमधल्या फरशीवर अंथरायला लावली. मग गुडघ्यांवर बसून, मूठ डोळ्यापुढं धरून, एकेक ठिपका पाहिला. एकेक. अर्धा तास लागला. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. मधेच त्या एखाद्या ठिपक्यावर तळवा ठेवायच्या, गरम आहे का बघितल्यासारख्या. काही गरम असायचे.

"आता यांना येऊ दे," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मल्लय्या काठाशी आले. थांबले. एका पायानं दुसऱ्या पायाची चप्पल सोडवायला लागले.

"असू दे पायात," राजव्वा म्हणाल्या. "तवा काय अनवाणी फिरत होता?"

"चादर नवी आहे अगं."

"चाला म्हणते ना."

ते चालले. पहिल्या मागाच्या जागेपासून दुसऱ्याकडं. कवडसे त्यांच्या डोक्यावरून पाठीवर, पाठीवरून खाली चादरीवर उतरत होते. त्यातले विणलेले कुठले आणि उन्हाचे कुठले, हे मला भिंतीपाशी उभं राहून सांगता येईना.

"हळू," राजव्वा म्हणाल्या. त्यांची मूठ मल्लय्यांच्या मागोमाग सरकत होती. "एवढ्या घाईनं न्हाई चालायचा तुम्ही. माग चालू आहेत असं चाला."

त्यांचा वेग उतरला. दुसऱ्यापाशी ते वळले, मान तिरकी करून काहीतरी बघितलं, पुढं निघाले. तिसऱ्या मागाच्या जागेपाशी थांबले, आणि तुटलेला धागा सांधायला वाकतात तसे खाली वाकले.